बहुसांस्कृतिक स्पीच थेरपी गटाचं नेतृत्व करायचं, पण भाषा दोनच येतात: सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत नाही ना, हे दोघींनाही कळेल. तुम्ही मुंबईत बीएएसएलपी, म्हणजे वाचा आणि श्रवण या विषयातली पदवी, केलीत, अमेरिकेत मास्टर्स केलंत आणि आता एका सरकारी शाळेत स्पीच थेरपिस्ट आहात. राज्याच्या व्यावसायिक संघटनेतल्या बहुसांस्कृतिक गटाने तुम्हाला सहअध्यक्ष व्हाल का, असं विचारलं आहे. गटात स्पॅनिश, अरबी, व्हिएतनामी बोलणारे थेरपिस्ट आहेत, आफ्रिकन अमेरिकन सहकारी आहेत. तुम्ही लिहिलंय, "मला मराठी आणि हिंदी येते. मी कोणत्या तोंडाने या सगळ्यांचं नेतृत्व करू?" आणि शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ आहे: गेली काही वर्षं हा गट सणांचे कार्यक्रम सोडून फारसं काही करत नाही, मग पद घेऊन उपयोग काय?

माझ्या मते खरा प्रश्न ती शेवटची ओळ आहे. गट कशासाठी आहे हे एकदा ठरलं की नेत्याला किती भाषा याव्यात हा प्रश्न आपोआप सुटतो. मीही महाराष्ट्रातून येऊन न्यू जर्सीत शाळांमधून काम केलं आणि अशा गटाचं काम बरीच वर्षं पाहिलं, काही काळ चालवलंही. त्यामुळे जे सांगते ते अमेरिकेच्या संदर्भात आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुमचा गट राज्य संघटनेची एक समिती असेल, तर पैसा, सभागृह, सदस्यांची यादी हे सगळं मूळ संघटनेकडून येतं, पण तिच्या मंजुरीशिवाय तुम्हाला पत्रकही काढता येत नाही. गट स्वतंत्र नोंदणी केलेली संस्था असेल तर मोकळीक आहे, पण हिशेब आणि कायदेशीर कागद तुमच्या गळ्यात. आणि राष्ट्रीय पातळीवर अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनचे, म्हणजे आपण सगळे ज्याला 'आशा' म्हणतो तिचे, जे विशेष अभ्यासगट आहेत, त्यातला चौदावा गट सांस्कृतिक आणि भाषिक वैविध्यावरचा आहे. तिथलं काम जास्त अभ्यासाचं, लेखनाचं, प्रशिक्षणाचं असतं. शिवाय 'आशा'शी जोडलेले वेगवेगळ्या समाजांचे कॉकस, म्हणजे त्या त्या समाजाच्या सदस्यांचे गट, आहेत: हिस्पॅनिक कॉकस, एशियन पॅसिफिक आयलँडर कॉकस, आणि आपल्या लोकांनी चालवलेला एशियन इंडियन कॉकसही त्यातलाच. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचा पहिला प्रकार दिसतो. तसं नसेल तर पैशांबद्दल खाली लिहिलंय ते नीट वाचा.

आता गट कशासाठी, याकडे येते. हे गट सण साजरे करायला निघालेच नव्हते. 'आशा' १९२५ पासून आहे. पण १९६८च्या डेन्व्हर अधिवेशनात कृष्णवर्णीय सदस्यांनी एकत्र येऊन आपला कॉकस उभा केला, तेव्हा त्यांचं म्हणणं अगदी थेट होतं: आमच्या मुलांची बोली या व्यवसायात दोष म्हणून मोजली जाते, आणि मोजणाऱ्यांत आमची माणसं जवळजवळ नाहीतच. त्याच प्रवाहातून पुढे १९७८ मध्ये नॅशनल ब्लॅक असोसिएशन फॉर स्पीच-लँग्वेज अँड हिअरिंग ही स्वतंत्र संस्था झाली. १९८३ मध्ये 'आशा'ने अधिकृत भूमिका जाहीर केली की इंग्रजीची कोणतीही सामाजिक बोली हा वाचादोष किंवा भाषादोष नाही. आज हे वाक्य आपल्याला पाठ्यपुस्तकातलं वाटतं. पण ते पाठ्यपुस्तकात यावं म्हणून लोकांनी पंधरा वर्षं बैठका घेतल्या, मसुदे लिहिले, अधिवेशनात उठून बोलले.

न्यायालयातही हेच चाललं होतं. १९७०च्या कॅलिफोर्नियातल्या डायना खटल्यात नऊ मेक्सिकन अमेरिकन मुलं होती. स्पॅनिश बोलणाऱ्या घरातली. इंग्रजी बुद्धिमापन चाचणीवरून त्यांना मतिमंद मुलांच्या वर्गात बसवलं होतं. स्पॅनिशमध्ये चाचणी घेतल्यावर त्यातली बहुतेक त्या वर्गातली नाहीत हे दिसलं. १९७९ मध्ये मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरच्या खटल्यात न्यायाधीशांनी शाळा-जिल्ह्याला सांगितलं, या मुलांची घरची बोली ओळखायला शिक्षकांना शिकवा आणि वाचन शिकवताना ती लक्षात घ्या.

हे सगळं सांगायचं कारण असं, की तुमच्या गटासमोर एखादा उपक्रम आला की तो याच कसोटीवर घासून बघा: यामुळे एखाद्या मुलाचं चुकीचं निदान टळेल का? किंवा ज्याला खरंच मदत हवी आहे त्याला ती लवकर मिळेल का? दिवाळीचा कार्यक्रम करायला काहीच हरकत नाही. लोक जेवायला एकत्र येतात, ओळखी होतात, आणि अडचणीत फोन करायला माणूस मिळतो. मात्र वर्षभराचं कॅलेंडर भरल्यावर या कसोटीला उतरणारी एकही गोष्ट त्यात नसेल, तर ते आधी बदला.

तुम्हाला येणाऱ्या दोन भाषा इथे कशा कामाला येतात, ते एका उदाहरणाने दाखवते. उदाहरण माझ्या कामातलंच आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

साडेचार वर्षांचा मुलगा. घरी आजी-आजोबा आहेत, मराठी चालते. इंग्रजी प्रीस्कूलमध्ये गेल्यावर सुरू झालं. शिक्षिकेची तक्रार: वाक्यात 'अ' आणि 'द' गाळतो, 'ही' आणि 'शी' यांची गल्लत करतो, 'व्हॅन'चं 'वॅन' करतो, 'दिस', 'थिंक' नीट म्हणत नाही. तपासणाऱ्या सहकारीने आणखी एक नोंद केली होती: शब्दाच्या सुरुवातीचा 'प' हा 'ब' करतो. इंग्रजी मुलांवर प्रमाणित केलेल्या चाचणीत गुण खूप कमी. कागदावर बघितलं तर भाषा आणि उच्चार, दोन्हींचा दोष.

आता मराठी येणाऱ्या माणसाने यादी वाचली की काय दिसतं? मराठीत 'अ' आणि 'द'सारखी उपपदं नाहीतच. इंग्रजीतले 'व'चे दोन उच्चार मराठीत अर्थ बदलत नाहीत. 'थिंक'मधला तो घर्षणाचा ध्वनी मराठीत नाही. आणि 'प'चा मुद्दा तर फार शिकण्यासारखा आहे. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा 'प' हवेच्या झोतासह येतो, मराठीतला 'प' झोताशिवाय. 'पाणी' म्हणणाऱ्या मराठी मुलाचा 'प' इंग्रजी कानाला 'ब' वाटतो. मूल बरोबर बोलतंय, कान दुसऱ्या भाषेचा आहे. म्हणजे यादीतली जवळजवळ प्रत्येक 'चूक' इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मराठी मुलाकडून अपेक्षितच आहे.

पण इथेच थांबून "काही नाही, द्विभाषक आहे, येईल हळूहळू" असं म्हणणंही तितकंच धोक्याचं. भाषेचा खरा दोष असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो, म्हणून मराठी ऐकावीच लागते. त्या मुलाशी चित्रांवरून गप्पा मारल्या. काल घरी काय झालं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "आजीनं पोळी केली, भात केला, वरण केलं, आणि मी सगळं सांडलं." एका दमात तीन लिंगं, तिन्ही ठिकाणी भूतकाळाचं क्रियापद कर्माप्रमाणे अचूक बदललं, आजीला 'नं' लागला. साडेचार वर्षांच्या मुलाचं हे व्याकरण उत्तम आहे. त्याला थेरपीची गरज नव्हती, इंग्रजी शिकायला वेळ हवा होता. दुसरं एखादं मूल याच वयात मराठीतही दोन-तीन शब्दांपुढे जात नसेल, साध्या सूचना कळत नसतील, आईवडील म्हणत असतील की धाकटं भावंडही याच्यापेक्षा जास्त बोलतं, तर तिथे वाट बघण्यात वर्ष घालवणं हा त्या मुलावर अन्याय आहे.

यातही एक पोट-अट आहे. परदेशात वाढणाऱ्या मुलांचं मराठी हळूहळू विरत जातं. सहा-सात वर्षांचं मूल "पोळी केला" म्हणालं तर लगेच दोष समजू नका, आधी विचारा की घरी मराठी किती ऐकायला मिळते आणि कोणाकडून. शंका असेल तर शिकवून बघावं: नवे शब्द, एखाद्या गोष्टीचा सांगाडा थोडा वेळ शिकवायचा आणि पुन्हा तपासायचं. जे मूल पटकन उचलतं त्याची अडचण बहुधा ऐकायला न मिळाल्याची असते. आणि इंग्रजी चाचणी मराठीत भाषांतरित करून तिचे गुण लावू नका. त्या गुणांना काही अर्थ उरत नाही, कारण तुलना ज्या मुलांशी होते ती मराठी बोलणारी नव्हती.

हे ज्ञान तुमच्याकडे मराठीपुरतं आहे. तुमच्या अरबी बोलणाऱ्या सहकाऱ्याकडे ते अरबीपुरतं आहे, व्हिएतनामीवाल्याकडे व्हिएतनामीचं. 'आशा'चे सदस्य दोन लाखांहून जास्त आहेत, त्यात दुसऱ्या भाषेत सेवा देणारे म्हणून नोंद असलेले आठ टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातलेही बहुतेक स्पॅनिशचे. तेव्हा जवळजवळ प्रत्येक वेळी मराठी, सोमाली किंवा नेपाळी मुलासमोर बसलेल्या थेरपिस्टला ती भाषा येत नसणारच. नेत्याचं काम तिथे सुरू होतं. तुमच्या सदस्यांच्या डोक्यात विखुरलेली ही माहिती, त्या एकभाषक थेरपिस्टच्या टेबलावर तपासणीच्या दिवसाआधी कशी पोचेल, याची व्यवस्था लावणं. त्यासाठी पाच भाषा येण्याची गरज नाही. सदस्यांना नेमकं विचारता यायला हवं आणि विचारलेलं कागदावर उतरवून घ्यायला हवं. मी कोणत्या तोंडाने, असं विचारलंत ना? विचारणारीचं तोंड असू द्या, सांगणाऱ्याचं असायलाच हवं असं नाही.

प्रत्यक्षात आम्ही काय केलं तर प्रत्येक भाषेसाठी एक पान. त्यात फक्त चार गोष्टी: इंग्रजीत कोणत्या चुका अपेक्षित धराव्यात, त्या भाषेतच ऐकायला मिळाल्या तर कोणत्या गोष्टी काळजीच्या, घरी काय विचारावं, आणि कोणत्या पोटबोली आहेत. पान लिहिणाऱ्याने लिहायचं, त्याच भाषेच्या पण दुसऱ्या भागातल्या माणसाने तपासायचं. हा दुसरा तपास मी सोडू देत नसे. आपलंच बघा. पुण्याच्या थेरपिस्टने एकटीने मराठीचं पान लिहिलं तर "मी जाऊन राहिलो" हे तिला चुकीचं वाटू शकतं, 'डोळा'चं 'डोया' ऐकून ती ध्वनी बदलल्याची नोंद करेल, 'पाणी'चं 'पानी' झालं की ण येत नाही म्हणेल. विदर्भातल्या, खानदेशातल्या घरांत मूल हे ऐकतच मोठं होतं. १९८३ मध्ये इंग्रजीच्या बोलींबद्दल जे मान्य झालं, ते आपण आपल्याच भाषेला लावत नाही, हे मला मराठी मंडळांच्या शाळांमध्येही दिसलं आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा उत्तर अमेरिकेत गावोगाव आहेत, तिथले शिक्षक मुलांना दर आठवड्याला ऐकतात. अमुक मूल मराठीतही अडखळतं का, हे त्यांना विचारलं तर फार उपयोगी उत्तर मिळतं. पालकांच्या परवानगीने, अर्थातच.

दुभाष्यांचं काम हा या सगळ्यातला दुसरा मोठा तुकडा. बहुतेक शाळा दुभाष्याला तपासणीच्या वेळी थेट खोलीत आणून बसवतात. मग तो मदतीच्या भावनेने मुलाचं तुटक वाक्य पूर्ण करून सांगतो, किंवा प्रश्नातच उत्तर देऊन टाकतो, आणि नेमकं जे ऐकायचं होतं ते हरवतं. आधी दहा मिनिटं बसून काय करणार आहोत ते सांगायचं, मग तपासणी, मग पुन्हा बसून "त्याने नेमकं कसं म्हटलं, तुम्हाला काही विचित्र वाटलं का" हे विचारायचं. गटाने दुभाष्यांसाठी वर्षातून एकदा अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं तरी फरक पडतो. माझ्या अनुभवात गटाच्या सगळ्या उपक्रमांत सर्वांत जास्त परतावा याचाच मिळाला.

इथे एक धोका आहे, आणि तुम्ही नव्या आहात म्हणून तो जोर देऊन सांगते. गट कामाला लागला की फोन येऊ लागतात. "उद्या मीटिंग आहे, जरा मराठीत पालकांशी बोलाल का?" "हे पत्र अरबीत करून द्याल?" जी माणसं दोन भाषा जाणतात त्यांच्याकडेच ही कामं जातात, फुकट, त्यांच्या नेहमीच्या मुलांच्या यादीवर जास्तीची म्हणून. दोन वर्षांत ती माणसं दमतात आणि गट सोडतात. लोक का गेले, हे कोणाला कळतसुद्धा नाही. नेत्याने स्पष्ट रेघ ओढायला हवी: गट सल्ला देईल, माहिती देईल, प्रशिक्षण देईल. प्रत्यक्ष दुभाषेगिरी आणि लेखी भाषांतर हे पैसे देऊन करायचं काम आहे आणि ते शाळा-जिल्ह्याचं कर्तव्य आहे. हे कायद्यातच आहे. १९७५ मध्ये आलेल्या आणि आज 'आयडीईए' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यानुसार मुलाची तपासणी, अगदीच अशक्य असेल ते सोडून, त्याच्या मातृभाषेत किंवा त्याच्या संवादाच्या पद्धतीत व्हायला हवी, आणि ती वंश किंवा संस्कृतीच्या आधारे भेदभाव करणारी नसावी. केवळ इंग्रजी कमी येतं म्हणून कोणाला अपंगत्वाच्या वर्गात टाकता येत नाही, हेही तिथेच आहे. बहुसांस्कृतिक, वैविध्य, समावेशन अशा शब्दांवरून सध्या अमेरिकेत बरंच वातावरण तापलेलं आहे. काही ठिकाणी संस्थांना गटाचं नाव बदलायला लागेल, कार्यक्रमाचं शीर्षक बदलायला लागेल. त्याने खचू नका. कायद्यातल्या या ओळींवर बोट ठेवून बोलायची सवय लावा, मुख्याध्यापकही ऐकतात.

आता सदस्यांबद्दल. तुम्ही स्वतः भारतातून आलात, त्यामुळे ही बाजू तुम्हाला माझ्यापेक्षा ताजी आठवत असेल. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इथल्या संघटनांमध्ये एकमेकांची पात्रता मान्य करण्याचा करार आहे, भारत त्यात नाही. तेव्हा म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेतून किंवा मुंबईच्या अली यावर जंग संस्थेतून आलेल्या माणसाला इथे पदवीच्या मूल्यमापनापासून सुरुवात करावी लागते. पुढे क्लिनिकल फेलोशिप: छत्तीस आठवडे, किमान १,२६० तास, कोणाच्या तरी देखरेखीखाली. ही देखरेख करणारा माणूस मिळवून देणं हे गटाचं फार मोलाचं काम आहे. आणि तो कोण असावा याला महत्त्व आहे.

उच्चाराचा प्रश्न तिथे येतो. मुंबईहून आलेल्या एका विद्यार्थिनीला एका ठिकाणी सांगितलं गेलं की तुझ्या उच्चारामुळे तू उच्चार शिकवायला योग्य नाहीस. तिने ते खरं मानलं आणि व्यवसाय सोडायच्या विचारात होती. 'आशा'ची १९९८ची भूमिका याविरुद्ध आहे. माणसाचा उच्चार वेगळा असला तरी निदानाची आणि उपचाराची क्षमता असेल, आणि जो ध्वनी शिकवायचा तो दाखवून देता येत असेल, तर उच्चारावरून त्याला अपात्र ठरवू नये. आचारसंहितेतही भाषा आणि बोली यांवरून भेदभाव करू नये असं नमूद आहे. गटाच्या वतीने या भूमिकेची प्रत जोडून शांत, आदरपूर्वक पत्र गेलं. ती विद्यार्थिनी आज परवानाधारक आहे. असं पत्र एकट्या विद्यार्थिनीला लिहिता येत नाही. गटाला येतं. पदाचा उपयोग काय, असं तुम्ही विचारलं होतं, त्याचं हे एक उत्तर.

गटाच्या आतल्या ताणांबद्दल थोडं. बहुसांस्कृतिक गट नकळत द्विभाषकांचा गट होऊन बसतो. स्पॅनिश, मंदारिन, हिंदी यांची चर्चा होते आणि आफ्रिकन अमेरिकन सहकारी कोपऱ्यात गप्प बसतात, कारण त्यांच्या मुलांची घरची भाषा इंग्रजीच आहे. तिथे प्रश्न बोलीचा आहे. 'बाथ'ऐवजी 'बाफ', 'ही वॉक्स'ऐवजी 'ही वॉक', आणि 'शी बी वर्किंग', ज्याचा अर्थ ती नेहमी काम करत असते असा नेमका होतो. याला नियम आहेत, ही घसरलेली इंग्रजी नाही. पण या बोलीतलं बोलणारी मुलं अजूनही चुकून दोषाच्या यादीत जातात, आणि दुसऱ्या बाजूला, "हे बोलीतच आहे" म्हणून ज्यांना खरा दोष आहे अशी मुलं सुटतात. हे गट ज्यांनी मुळात उभे केले त्यांचाच प्रश्न विषयपत्रिकेत शेवटी ढकलला जाऊ नये. मी दर बैठकीत पहिला विषय वेगवेगळ्या समाजाच्या सदस्याकडून ठरवून घेत असे. पद्धत साधी आहे, पण तिने कोण किती बोलतं हे बदलतं.

भारतीयांमध्येही हेच. चार भारतीय जमले की आपण हिंदीवर येतो आणि चेन्नईची सहकारी हसून इंग्रजीत उत्तर देते. मोठ्या गटात भारतीयांच्या वतीने बोलू नका. तुम्ही महाराष्ट्रातल्या काही घरांच्या वतीने बोलू शकता, तेही जपून. "माझ्या ओळखीच्या कुटुंबांत असं असतं, तमिळ घरांबद्दल अमुकला विचारते" असं म्हणणारा माणूस गटात पटकन विश्वास मिळवतो.

पैशांचं आणि कागदांचं आता पटकन उरकते, कारण तुमचा गट समिती असेल तर यातलं थोडंच लागू पडेल. स्वतंत्र ना-नफा संस्था असेल आणि वर्षाची आवक साधारणपणे पन्नास हजार डॉलरच्या आत असेल, तर आयकर खात्याला दरवर्षी ९९०-एन नावाचा छोटा ऑनलाइन फॉर्म द्यावा लागतो. पाच मिनिटांचं काम आहे. पण सलग तीन वर्षं तो भरायचा राहिला तर करमाफीचा दर्जा आपोआप जातो आणि तो परत मिळवायला खूप कष्ट पडतात. पद घेण्याआधी शेवटचा फॉर्म कधी भरला ते विचारा. बँक खात्यावर दोन सह्या हव्यात. आणि पुढचा अध्यक्ष एक वर्ष आधी निवडलेला असावा, म्हणजे तो तुमच्या शेजारी बसून शिकतो. चांगले गट बंद पडताना मी पाहिले ते बहुतेक याच कारणाने: एक उत्साही व्यक्ती, सगळं तिच्या लॅपटॉपवर, आणि ती दुसऱ्या राज्यात गेली.

म्हणजे आतापर्यंत मी म्हटलं ते असं: गटाला मुलांच्या निदानाची कसोटी लावा, सदस्यांचं ज्ञान पानांवर आणि प्रशिक्षणात उतरवा, फुकट दुभाषेगिरी थांबवा, नव्यांना देखरेख आणि पाठबळ मिळवून द्या, आणि कोणाचा प्रश्न मागे पडतोय यावर लक्ष ठेवा. यातलं काहीही पाच भाषा आल्याने सोपं होत नाही.

पद घ्यावं का? मी घ्या म्हणेन, दोन अटींवर. पहिली, तुमच्या शाळेने महिन्यातून निदान काही तास या कामासाठी मान्य करावेत, कारण रात्री मुलं झोपल्यावर करायचं काम म्हणून हे टिकत नाही. तुमच्याकडे लहान मूल असेल किंवा व्हिसाची प्रक्रिया अडकलेली असेल, तर यंदा समितीवर राहा आणि पुढच्या वर्षी अध्यक्षपद घ्या, त्यात काही कमीपणा नाही. दुसरी अट दुसऱ्या सहअध्यक्षाबद्दलची. ती व्यक्ती तुमच्यापेक्षा वेगळ्या समाजाची आणि शक्यतो वेगळ्या ठिकाणी काम करणारी असावी. तुम्ही शाळेत आहात, तर ती रुग्णालयात किंवा पक्षाघाताच्या रुग्णांबरोबर काम करणारी असेल तर उत्तम. पक्षाघातानंतर वाचाघात झालेल्या द्विभाषक आजोबांची कोणती भाषा आधी परत येतेय, घरचे कोणत्या भाषेत बोलतात, उपचार कोणत्या भाषेत करायचे, हे प्रश्न लहान मुलांच्या गटात कधीच येत नाहीत, आणि आपल्या समाजात आता असे आजी-आजोबा खूप आहेत.

होकार कळवलात तर पहिल्या बैठकीसाठी एवढंच करा. सदस्यांना आधी ईमेलवर एक प्रश्न पाठवा: "गेल्या वर्षात तुमच्या भाषेच्या किंवा बोलीच्या कोणत्या मुलाबद्दल तुम्हाला वाटलं की निदान चुकलं?" नाव, शाळा न लिहिता दोन-चार ओळींत उत्तर मागा. उत्तरं एकत्र करून बैठकीत वाचा आणि त्यातल्या सर्वांत जास्त वेळा आलेल्या अडचणीवर वर्षाचं पहिलं काम ठरवा. मराठीच्या पानाचा मसुदा हवा असेल तर मला इथेच कळवा, पाठवते. फक्त तो तुमच्याकडच्या कोकणातल्या किंवा विदर्भातल्या कोणाकडून तरी तपासून घ्या, मी मूळची सांगलीची आहे.